कान तयार करणारी माणसं

मंडळी, गाणं एकट्याने ऐकता येतं, पण कान काही एकट्याने तयार होत नाहीत, असं माझं जुनं मत आहे. आपल्या प्रत्येकाला कोणीतरी "अरे चल, ऐकायला" म्हणून दंडाला धरून नेलेलं असतं. कोणाला मामाने, कोणाला शेजारच्या अण्णांनी, कोणाला वर्गमित्राने. ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास आहे हे लक्षातच येत नाही. आज त्याविषयी थोडं.

दीडशे वर्षांमागे आपल्याकडच्या साध्या माणसाच्या कानावर पडे ते देवळातलं कीर्तन-भजन, जत्रेतला तमाशा. ख्यालगायकी असायची संस्थानिकांच्या दरबारात, नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. तिथे आमंत्रण लागे. आपल्या मित्राला सोबत न्यायचं म्हटलं तरी यजमानाची मर्जी सांभाळायला हवी! पुण्यात १८७४ मध्ये पूना गायन समाज निघाला आणि शिकल्यासवरल्या लोकांनी एकत्र बसून गाणं ऐकायची सोय झाली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि रागदारी चाली पिटातल्या माणसाच्याही तोंडी बसू लागल्या.

पुढचं मोठं काम विष्णु दिगंबर पलुस्करांचं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून ते १८९६ मध्ये बाहेर पडले, गावोगाव फिरले, आणि तिकीट लावून जाहीर गाणं करू लागले. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकीट म्हटलं की आपल्याला फक्त पैसे आठवतात. पण बघा, तिकिटाला जात नसते, घराणं नसतं, वशिला नसतो. दोघा मित्रांनी दोन तिकिटं काढायची आणि शेजारी-शेजारी बसायचं. गाणं ऐकण्यातली बरोबरी अशी आली. नंतरच्या काळात हिराबाई बडोदेकर तिकिटाच्या जाहीर मैफलीत बसून गाऊ लागल्या. स्त्रीने असं गाणं तेव्हा मोठ्या धाडसाचं होतं.

एवढ्यात तबकडी आली होतीच. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रित केलं. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, आणि शेवटी बाई स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात! कारण तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत, तिथल्या कारागिरांना कळायला हवं ना, गाणं कोणाचं ते. तबकडीमुळे माणूस एकटा ऐकू लागला असं म्हणतात, पण आपल्याकडे सुरुवातीला उलटंच झालं. यंत्र महाग, त्यामुळे ते असायचं दुकानात, हाटेलात, एखाद्या सावकाराच्या ओटीवर. एक तबकडी आणि भोवती वीस माणसं!

अशाच एका तबकडीने केवढा इतिहास घडवला! गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकत उभा राहायचा. असंच गायचं, या ध्यासाने अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, त्याने घर सोडलं. ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत भटकला. जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं की तुझा गुरू तुझ्या घराजवळच आहे, कुंदगोळला. ते म्हणजे सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य. आणि तो मुलगा म्हणजे आपले भीमसेन जोशी, हे सांगायला नकोच.

सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. गुरूचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे पाठीशी होते. मला यात विशेष वाटतं ते हे, की ज्याला स्वतःला दुकानाबाहेर उभं राहून ऐकावं लागलं, त्याने हजारोंना बसून ऐकायला जागा केली.

त्याच सुमाराला रेडिओही हाताशी आला. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, शनिवारी रात्री साडेनऊला. आमच्या वाड्यात रेडिओ फक्त मालकांकडे. शनिवारी त्यांच्या ओसरीवर सतरंजी पडे आणि जेवणं आटोपून सगळी बिऱ्हाडं जमत. कोणाला काही कळायचं, कोणाला नाही. पण न कळणाऱ्याला उठवून लावत नसत.

माझे कान मात्र 'सवाई'च्या मांडवात तयार झाले, आणि तेही माझ्या शाळेतल्या एका चित्रकला शिक्षकामुळे. थंडीच्या रात्री, कानाला मफलर, पिशवीत थर्मास आणि चिवडा. तो काही समजावून सांगत नसे. समेच्या जरा आधी माझ्या गुडघ्यावर हात ठेवी आणि सम आली की दाबी. दोन-तीन वर्षांनी त्याचा हात पडायच्या आत माझी मान हलू लागली. तेव्हा तो नुसता हसला. फिरोज दस्तुरांची ती ठरलेली ठुमरी, लोकांनी दरवर्षी मागायची आणि त्यांनी दरवर्षी गायची. मग अखेरच्या दिवशी सकाळी भीमसेनजी. आणि ते उठल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीची तबकडी लावत. एवढा मोठा मांडव, पण सगळा एका जुन्या, खरखरत्या आवाजापुढे गप्प. पाणी पुन्हा उगमापाशी गेल्यासारखं वाटे.

आता रात्रभराच्या मैफली उरल्या नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. शेजारच्या आजारी माणसाला झोप हवी, हे मला मान्य आहे. पण मध्यरात्रीचा मालकंस, दरबारी आणि पहाटेचा ललत आपापल्या वेळी ऐकणं दुर्मिळ झालं, हेही खरं. उलट दुपारी बैठका सुरू होऊ लागल्या, म्हणून मुलतानी, भीमपलास यांना त्यांची वेळ मिळाली. काही गेलं, काही आलं. असो.

आज फोनवर काय नाही? हवं ते गाणं हव्या त्या क्षणी. रोज सकाळी मला चार जण गाणी पाठवतात, मीही पाठवतो. ही सोय वाईट कशी म्हणू? आमच्या पिढीला तर हा खजिनाच वाटतो. पण पाठवलेलं गाणं पाठवणाऱ्यानेही पुरतं ऐकलेलं असतं का, अशी कधीकधी शंका येते. गुडघ्यावर हात ठेवायला शेजारी बसावंच लागतं.

माझ्या त्या मित्राला आता ऐकू येत नाही. कानाच्या यंत्रातून बोलणं थोडंफार कळतं, पण गाणं म्हणे पत्रा वाजवल्यासारखं लागतं, म्हणून त्याने ते सोडलं. फोनवर बोलता येत नाही, म्हणून डिसेंबरात महोत्सव झाला की मी त्याला पत्र लिहितो. कोण गायलं, कोणता राग, विलंबित किती वेळ चाललं, तबल्याला कोण होतं, दाद कुठे आली. त्याचं उत्तर पोस्टकार्डावर येतं, आणि त्यात प्रश्नच जास्त. "मध्यमावर थांबला का? लगेच सुटला?" त्या प्रश्नांच्या भीतीने मी हल्ली फार लक्ष देऊन ऐकतो. म्हणजे कान तयार करायचं त्याचं काम अजून चालूच आहे.

तुमचे कान कोणी तयार केले? तो माणूस असेल तर या हिवाळ्यात त्याच्याबरोबर एकदा गाण्याला जा. आणि नसेल, तर घरातल्या एखाद्या पोराला घेऊन जा. त्याला फार समजावत मात्र बसू नका.