बोर्ड गेला, प्रोसेसर राहिला

संगणकातला प्रोसेसर सहसा खराब होत नाही. जातो तो मदरबोर्ड, नाहीतर पॉवर सप्लाय. बीड जिल्ह्यात या दोघांचा जीव घेणारं कारण ठरलेलं असायचं: वीज. याच जिल्ह्यातल्या परळीत १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती सुरू आहे, तरी २००५ नंतरची कित्येक वर्षं इथल्या गावांनी तासन्तास भारनियमन सोसलं. वीज अचानक जायची आणि येताना दाब वरखाली व्हायचा. बोर्डावरचे कपॅसिटर फुगायचे, यंत्र बंद पडायचं. धडधाकट प्रोसेसर मात्र दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडायचा आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकात बसायचा.

या धंद्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं एमएस-सीआयटीने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली हा अभ्यासक्रम आणला. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं, तशी तालुक्याच्या गावांत संगणक केंद्रं निघाली. यंत्रं बहुतेक असेंबल्ड. नवं सॉफ्टवेअर आलं की ती रखडायची, आणि अख्खा संगणक बदलण्यापेक्षा नुसता प्रोसेसर बदलणं कितीतरी स्वस्त पडायचं.

पण बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती चौकट, जुळलं तरच. इंटेलने १९९७ मध्ये पेंटियम २ चक्क उभ्या पट्टीत बसवून विकला आणि दोनच वर्षांत पुन्हा सपाट सॉकेट आणलं. २००० च्या अखेरीस आलेला पेंटियम ४ तर ४२३ पिनांचा होता. वर्ष सरायच्या आत ४७८ पिनांचं सॉकेट आलं. आधी पैसे मोजणाऱ्यांची वाट तिथेच बंद झाली.

२००४ चं ७७५ सॉकेट मात्र खरंच टिकलं. पेंटियम ४, त्यानंतर २००६ चा कोअर २ ड्युओ, पुढे कोअर २ क्वाड, सगळे त्याच चौकटीत बसत. तरीही बोर्डाचा चिपसेट बघावाच लागे. ८६५ चिपसेटचे अनेक बोर्ड कोअर २ घेत नसत, जी३१ घेई. याच सॉकेटपासून इंटेलने डेस्कटॉपच्या पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर नेल्या, त्यामुळे कारागिराच्या हाताची परीक्षा वाढली. आधी पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्या फिरवून सोडवायच्या. उन्हाळ्यात तापून त्या ठिसूळ झालेल्या असत, एखादी तरी तुटायचीच. हीटसिंकखालची पेस्ट चुन्यासारखी वाळलेली. ती पुसायची, दांडी उचलायची, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नवा प्रोसेसर जोर न लावता अलगद ठेवायचा. एक पिन वाकली की भिंग आणि सुई घेऊन बसायचं. मग नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब, आणि वर हीटसिंक.

पुढे तर नुसत्या आकड्यावर विसंबणंही अवघड झालं. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेट तेच, ११५१. पण जुन्या बोर्डांवर ते चालत नाहीत. हा गिऱ्हाइकावर उघड अन्याय होता. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने त्याच वर्षी रायझन आणला तो एएम४ सॉकेटवर, आणि २०२२ नंतरही त्याच सॉकेटसाठी नवे प्रोसेसर दिले. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं की पहिल्या वर्षीचे कितीतरी बोर्ड ते स्वीकारतात. हे होऊ शकतं, हे एएमडीने दाखवून दिलं.

बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर पुणे-मुंबईच्या बाजारातून सुटा भाग मागवायचा तर रस्त्याचाच आधार होता. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे सातव्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही. एएम४ वाल्यांना अजून वाव आहे. तेव्हा जुना संगणक भंगारात देण्याआधी बोर्डाचं मॉडेल वाचा, त्यावर कोणते प्रोसेसर चालतात ती कंपनीची यादी पाहा आणि जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अपडेट करून घ्या.