शब्दवेध : तिन्हीसांजा

सूर्यबिंब क्षितिजाआड गेल्यावर जो मंद उजेड काही काळ रेंगाळतो, त्याला खगोलशास्त्राच्या परिभाषेत संधिप्रकाश म्हणतात आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरेपर्यंत त्याची मर्यादा मानतात. परंतु मराठी घराने त्याच वेळेला दिलेले 'तिन्हीसांजा' हे नाव मला कितीतरी अधिक अर्थसंपन्न वाटते.

'सांज' हा शब्द संस्कृत 'संध्या'पासून, प्राकृत 'संझा' या रूपाच्या द्वारे, आपल्याकडे वारशाने आला. 'ध्य'चा प्राकृतात 'झ' व्हावा हा शिरस्ताच असून, 'वंध्या'ची 'वांझ' झाली, 'युध्यते'चे 'जुज्झइ' होऊन त्यातून 'झुंज' निपजली, हे त्याचे दाखले. मात्र हिंदीतील 'साँझ'ने जपलेला महाप्राण मराठी सांजेने सोडून दिला. मूळ 'संध्या'त 'सम्' हा उपसर्ग आणि 'धा' हा धातू पाहावा, म्हणजे एकत्र जोडणे हा अर्थ निघतो. उपासकांनी तेथे 'ध्यै' धातू पाहून सम्यक् ध्यान असाही अर्थ काढला.

'तिन्ही' या पदाचा संबंध प्रातः, माध्यान्ह आणि सायं या त्रिकालसंध्येशी लावतात. तरी भर दुपारी किंवा पहाटे कोणी तिन्हीसांजा झाल्या असे म्हणत नाही. देवापाशी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणण्याची जी वेळ, तिच्यापुरताच लोकव्यवहाराने हा बहुवचनी शब्द राखून ठेवला. पाठ्यपुस्तकांनी 'संधिप्रकाश' खुशाल वापरावा. घरातल्या मुलांच्या कानांवर मात्र, वाचकहो, 'तिन्हीसांजा' हाच शब्द पडू द्यावा.