खासबागेतील एक झाकण

खासबाग म्हटले की बहुतेकांना कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान आठवते. मला आठवते ती बेळगावची खासबाग. शहापूर-वडगावच्या शेजारची, मागांच्या खडखडाटात जागी होणारी वस्ती. माझी मावशी तिथे राहते. दोन सुट्ट्या जोडून आल्या की चोर्ला घाट चढून मी तिच्याकडे जातो.

गेल्या खेपेस तिच्या गल्लीत एक गवंडी खड्ड्यात उतरून विटांचे चेंबर बांधत होता. चौकशी केली तेव्हा मावशीने कारण सांगितले. मध्यंतरी एका रात्री पाण्याची पाइप फुटली आणि पाणी बंद करायला व्हॉल्व्हच सापडेना! रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि झाकण खाली गाडले गेले. कोपऱ्यावरच्या झाडापासून किती पावलांवर ते आहे हे ज्याला ठाऊक होते, तो जुना व्हॉल्व्हमन केव्हाच निवृत्त झाला होता. "पहाटेपर्यंत पाणी गटारात गेलं रे, आणि आमच्या पाळीला घागरी कोरड्या," मावशी म्हणाली.

मित्रहो, पाणी जमिनीखालून न्यायचे तर त्याच्यापर्यंत उतरण्याची वाटही राखावी लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी बांधीव नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत आणले. या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. तिथे हवा खेळे, गाळ बसे आणि माणसाला आत उतरून सफाई करता येई. नाव तरी किती समर्पक! १५१० पर्यंत आमचा गोवा ज्या आदिलशाहीत होता, तिच्या राजधानीत, विजापुरातही, पुरलेल्या नळांच्या वाटेवर दगडी जलमनोरे उभारले होते. पाण्याचा जोर तिथे आवरला जाई आणि गाळ खाली बसे.

खासबागेतला गवंडी यातले काही वाचलेला नव्हता, पण त्याचे शास्त्र पक्के होते. "पायपावर भिंत बसली की संपलं बघा साहेब," तो म्हणाला. वरून ट्रक गेला की त्याचा भार भिंतीवाटे थेट पाइपवर येतो आणि सांधा निखळतो. म्हणून पाइप जिथून आरपार जाते तिथे त्याने भिंतीत मोकळी जागा सोडली होती आणि वर तुळई घातली होती. तळाला काँक्रीट न घालता खडी पसरली होती, म्हणजे झिरपलेले पाणी मुरून जाईल. आतली जागा माणसाला पाना फिरवता येईल एवढी. बिडाच्या झाकणाचे तोंड व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नेमके वर, म्हणजे लांब चावी सरळ खाली उतरेल.

तळाच्या खडीचे महत्त्व मला नंतर उमगले. पाळीने पाणी येते तिथे एरवी पाइप रिकामी असते. चेंबरमध्ये घाण पाणी तुंबले तर ढिल्या सांध्यातून ते आत ओढले जाते आणि पुढच्या पाळीला पहिल्या घागरीत उतरते. बेळगावच्या काही भागांत २००८ मध्ये चोवीस तास पाणी सुरू झाले. हुबळी-धारवाड व कलबुर्गीबरोबर जागतिक बँकेच्या साह्याने झालेला तो प्रयोग होता. पाइप सदैव भरलेली राहिली की बाहेरची घाण आत शिरायला वाव कमी. पण त्यातही एक मेख आहे. रोज फिरणारा व्हॉल्व्ह लक्षात राहतो, वर्षानुवर्षे न फिरणारा विसरला जातो.

आमच्या गोव्यात खाजनाच्या बांधावर मानस असते. भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी ती लाकडी दारे साऱ्या गावाला दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले की खारे पाणी शेतात घुसते, मग गाव जागा होतो. व्हॉल्व्हही एक मानसच, फक्त जमिनीत पुरलेली. न दिसणाऱ्या गोष्टीची काळजी कोण घेणार?

कारकुनी करताना एक गोष्ट मी शिकलो. जिची नोंद सापडत नाही, ती फाईल असून नसल्यासारखी. गवंड्याने झाकण बसवल्यावर समोरच्या भिंतीवर रंगाने बाण काढला आणि अंतर लिहिले. मावशीने ते अंतर कालनिर्णयच्या मागे टिपून ठेवले. रस्ता पुन्हा डांबरी होईल तेव्हा झाकणही तेवढेच वर उचला, असे सांगायला ती दारात उभी राहणार आहे म्हणे!