लाट पाहणारे आणि वाट जाणणारे

रत्नागिरीत बसून सर्फिंगवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. फळीवर उभं राहून डोंगराएवढ्या लाटेवरून घसरत येण्याचा खेळ काही आपला नव्हे. पण मला खेळाडूबद्दल बोलायचंच नाही. होडीत बसून हा खेळ पाहणाऱ्याबद्दल बोलायचंय.

१७७७ साली कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतला डॉक्टर विल्यम अँडरसन ताहिती बेटावर मातावाईच्या किनाऱ्याशी हिंडत होता. एक माणूस छोटीशी होडी घेऊन पुन्हापुन्हा लाट पकडत होता आणि तिच्यासोबत किनाऱ्याकडे येत होता. अँडरसनने ते लिहून ठेवलं. गंमत बघा, बाकीचे बेटवासी गोऱ्यांची जहाजं आणि तंबू पाहायला गर्दी करून उभे होते. या गृहस्थाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हेही अँडरसननेच नोंदवलंय. नोंदवलं नाही ते त्या माणसाचं नाव. पाहणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं, लाट जाणणाऱ्याचं गेलं.

आता २०२४ मध्ये या. पॅरिस ऑलिंपिकमधलं सर्फिंग पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटरवर, त्याच ताहितीत तेआहुपो इथे झालं. तिथे खोल समुद्र एकदम उथळ प्रवाळावर येतो, म्हणून लाट उभी राहते आणि कोसळते. पण शेजारीच प्रवाळाच्या कड्यात एक खिंड आहे. डोंगरातून येणाऱ्या गोड्या पाण्यामुळे तिथे प्रवाळ वाढत नाही, पाणी खोल राहतं, लाट फुटत नाही. प्रेक्षकांच्या होड्या उभ्या राहतात त्या या खिंडीत. गॅब्रिएल मेदिनाचा हवेत उभा असल्यासारखा तो गाजलेला फोटो जेरोम ब्रुइये यांनी होडीतूनच टिपला.

हे गणित आपल्याकडे नवीन नाही. खाडीच्या मुखाशी वाळू साचते, तिथे लाट फुटते. खोल वाट तेवढी बाजूने असते, आणि तांडेलाला ती पाठ असते. कोकणातल्या कितीतरी बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची, उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. उतारू लाटेकडे बघायचा आणि देवाचं नाव घ्यायचा. पडाववाला वाटेकडे बघायचा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. काही जण वाचले, ते कोळ्यांच्या होड्यांमुळे.

सांख्यांचा पुरुष आठवतो का? तो नुसता द्रष्टा, साक्षी. प्रकृती नाचते, तो अलिप्त राहून पाहतो. काठावरच्या माणसाला आपण असे साक्षी आहोत, असं वाटू शकतं. होडीतल्याला ती सोय नाही. जे पाणी पलीकडे भिंतीसारखं उभं राहतं, त्याच पाण्यावर तो तरंगतोय. त्याची अलिप्तता दुसऱ्या कुणाच्या तरी ज्ञानावर उभी आहे, सुकाणू धरलेल्या माणसाच्या.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. याच ऑलिंपिकसाठी पंचांचा जुना लाकडी मनोरा काढून अॅल्युमिनियमचा उभारायचं ठरलं. प्रवाळ मोडेल, असं गावकरी सांगत होते, त्यांनी मोर्चे काढले. मनोऱ्याचा आराखडा लहान करण्यात आला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीसाठी आणलेल्या तराफ्याने प्रवाळ मोडलंच, आणि काम थांबवावं लागलं. पुढे मनोरा झाला, स्पर्धाही झाली. पुरुषांचं सुवर्णपदक काउली वास्त या ताहितीच्याच मुलाने जिंकलं. आनंद आहे. पण मुद्दा उरतोच: नीट दिसावं म्हणून बांधताना, ज्यांना ते पाणी ठाऊक होतं त्यांचं ऐकलं ते आधी की मोडतोड झाल्यावर?

आपल्या किनाऱ्यावरही बंधारे येतात, जेट्ट्या येतात, पर्यटकांच्या बोटी येतात. नकाशावर रेघ ओढण्याआधी खारव्यांना, दालद्यांना, गाबितांना विचारावं. उपकार म्हणून नव्हे. आपण बसलोय ती होडी त्यांच्या भरवशावर आहे, म्हणून.