डव्हटेल फर्मा

सुतारकामातील आखणीचे साधन. दोन फळ्या कोपऱ्यात जोडताना डव्हटेल सांध्याच्या तिरक्या रेघा एकाच उताराने ओढण्यासाठी ते वापरतात. या सांध्यात एका फळीचे टोकाकडे रुंद होत जाणारे दाते दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकतात. म्हणून टेबलाचा खण रोज ओढला तरी त्याची दर्शनी फळी सुटत नाही.

उतार : मऊ लाकडासाठी १:६ (सुमारे ९.५ अंश) आणि कठीण लाकडासाठी १:८ (सुमारे ७ अंश) उतार रूढ आहे. उतार फार वाढला की दात्याच्या कोपऱ्यांतील तंतू आखूड पडून टवके उडतात; फार कमी केला की पकड ढिली होते.

स्थानिक संदर्भ : महाराष्ट्रातील गावांत बलुतेदार सुताराचे मुख्य काम नांगर, बैलगाडी व चौकटींचे असे, आणि त्यांत कुसू-खाचेच्या सांध्यावर भर असे. डव्हटेल उपयोगी पडतो तो पेट्या व खणांना. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकाम अभ्यासक्रमात हा सांधा शिकवतात.

घडण : सुमारे १ मिमी जाडीच्या पितळी पत्र्याचे पाते कापतात. ठोकळ्याबाहेर त्याची लांबी ६० मिमी, ठोकळ्यापाशी रुंदी ४० मिमी व टोकाला २० मिमी ठेवली की दोन्ही कडांना १:६ उतार मिळतो. टोकाला २५ मिमी ठेवल्यास १:८. शिसवी किंवा बाभळीच्या ठोकळ्यात मधोमध करवतीने चीर पाडून पाते काटकोनात बसवतात व रिव्हेट मारतात. तपासणीसाठी एका कडेने रेघ ओढून फर्मा उलटा करतात. दुसरी कड त्याच रेघेवर तंतोतंत बसली पाहिजे. फरक दिसल्यास कानशीने काढतात.

वापर : फळीचे टोक रंध्याने काटकोनात आणून, जोडीच्या फळीच्या जाडीइतक्या अंतरावर खतावणीने रेघ मारतात. ठोकळा टोकाला टेकवून पात्याच्या कडेने टोकदार सुरीने तिरक्या रेघा ओढतात, टोकावरच्या सरळ रेघा गुण्याने. टाकाऊ भागावर फुली करून करवत रेघेच्या त्याच बाजूने चालवतात आणि उरलेले लाकूड पटाशीने काढतात. दुसऱ्या फळीची आखणी मात्र फर्म्याने करत नाहीत. कापलेले दाते तिच्या टोकावर ठेवून त्यांच्याच कडेने करतात. त्यामुळे उतार अर्ध्या अंशाने चुकला तरी सांधा घट्ट बसतो.