भिंत कुठे संपते? लुईझियानाचे कृष्णवर्णीय बोटवाले आणि वादळाचा इतिहास

"वादळ जात बघून येत नाही." ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर मदतीचं सामान घेऊन फिरताना हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. बोलणारे वाईट लोक नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच्या ओटीवर आम्हाला जेवू घातलं. पण एका खाडीकाठच्या वाडीत पंचनाम्याच्या यादीत एका कातकरी माणसाच्या होडीचं नाव घालावं म्हणून आम्ही कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "नोंदणी नंबर?" नंबर नव्हता. म्हणजे होडी नव्हती. तिची फुटलेली फळी आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, फोटोही होता. तरी कागदावर ती होडी कधी तरंगलीच नव्हती, त्यामुळे ती बुडण्याचाही प्रश्न नव्हता.

आणि नंबर असता तरी काय मिळालं असतं? २०१५ ते २०२० या काळातल्या केंद्राच्या आपत्ती निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये आणि दुरुस्तीला ४,१०० रुपये होते. एवढ्यात लाकूडसुद्धा येत नाही. खलाशाला तर या रकान्यांत जागाच नाही, कारण त्याची होडी नसते, फक्त मजुरी असते.

तेव्हापासून वादळ आणि मालकी यांचं नातं आम्ही वाचत गेलो. वाचता वाचता अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या मुखाशी असलेल्या प्लॅकमिन्स पॅरिशमध्ये पोचलो. पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा. नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीची एकेक चिंचोळी पट्टी, पट्टीच्या पलीकडे दलदल आणि मग मेक्सिकोचं आखात. पूर्वेकडच्या पट्टीवर फिनिक्स, डेव्हंट, पॉइंट आ ला हाश ही कृष्णवर्णीयांची गावं आहेत. पूर्वी इथे ऊस आणि भाताचे मळे होते, गुलामांच्या घामावर चालणारे. गुलामी कायद्याने संपल्यावर मळ्यांवर काय मिळत होतं ते आपण वेगळं सांगायला नको. पण समोर पाणी होतं आणि पाण्यात कालवं होती. लांब दांड्यांच्या चिमट्याने किंवा लोखंडी जाळी हाताने ओढून कालवं काढायची, पोत्यात भरायची, धक्क्यावर विकायची. ज्याच्याकडे स्वतःची बोट, त्याच्या डोक्यावर मुकादम नाही. त्या गावांमध्ये बोटीला एवढी किंमत का, हे यावरून कळावं.

कालवांचा धंदा आपल्याला वाटतो तसा निव्वळ शिकारीचा नाही. तो निम्मा शेतीचा आहे. पाण्याखालची जमीन राज्याची असते. तिचे पट्टे पंधरा-पंधरा वर्षांच्या मुदतीने भाड्याने मिळतात. सार्वजनिक तळावरून लहान कालवं, म्हणजे बी, आणायचं, आपल्या पट्ट्यात टाकायचं आणि ती सुमारे तीन इंचांची होईपर्यंत वाट बघायची. पाणी फार खारट झालं तर कालवांना खाणारे जीव येतात, फार गोडं झालं तर कालवं मरतात. म्हणजे नदीचं पाणी कुठे आणि किती सोडायचं हा ज्याचा निर्णय, त्याच्या हातात या शेतकऱ्याचं वर्ष. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच फिरतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर चाळीस दिवसांनी, २९ एप्रिल १९२७ ला, न्यू ऑर्लिन्स शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन नावाच्या ठिकाणी नदीचा बांध सुरुंगाने उडवण्यात आला. त्या वर्षी मिसिसिपीला महापूर होता. शहरातल्या बँकवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना आपलं शहर वाचवायचं होतं. त्यांनी राज्यपालांची आणि केंद्राची संमती मिळवली आणि पाणी सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्सच्या पूर्व काठावर सोडलं. हजारो लोकांना घरं सोडावी लागली. भरपाईचं वचन लेखी होतं. प्रत्यक्षात दाव्यांच्या मानाने हातात अगदी थोडं पडलं आणि त्यातूनही निर्वासितांच्या जेवणाखाण्याचा आणि निवाऱ्याचा खर्च कापून घेतला गेला! कटू गंमत अशी की सुरुंग लावल्यानंतर लगेच वरच्या अंगाचे बांध आपोआप फुटले. शहराला तो धोका उरलाच नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवू. १९२७ मध्ये बुडवलेले सगळे कृष्णवर्णीय नव्हते. कॅनरी बेटांवरून आलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांची तिथे मोठी वस्ती होती, दलदलीत सापळे लावून कातडी विकणारी. तीही बुडाली. पण कुणाला बुडवायचं हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती त्यांच्यापैकी कुणी नव्हतं, कृष्णवर्णीय तर नव्हतेच.

पाण्याआधी जमीनही गेली होती. १९२४ च्या एका कायद्याने न्यू ऑर्लिन्सच्या बांध मंडळाला बोहेमिया भागातली सुमारे ३३,००० एकर जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला, पूर आला तर पाणी तिथून निघून जावं म्हणून. छोट्या मालकांनी, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबंही होती, सक्तीच्या संपादनाच्या धाकाने जमिनी सोडल्या. मग त्या जमिनीखाली तेल निघालं. सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या जमिनीचं उत्पन्न मंडळाच्या तिजोरीत जात राहिलं. १९८४ मध्ये विधिमंडळाने जमीन मूळ मालकांच्या वारसांना परत करा असा कायदा केला, तरी खटले दोन हजारच्या दशकापर्यंत चालले. साठ वर्षांनी वारस सिद्ध करणं म्हणजे काय, हे ज्यांनी वतनाच्या आणि गायरानाच्या फायली घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना समजेल.

या जिल्ह्यावर जवळजवळ अर्धं शतक लिएंडर पेरेझ नावाच्या माणसाचं राज्य होतं. जिल्ह्याचा सरकारी वकील, पण खरं तर मालकच. तेलाच्या स्वामित्वधनात त्याच्या घराण्याने हात मारला होता आणि त्याच्या मृत्यूनंतर जिल्ह्याला त्याच्या वारसांवर दावा लावावा लागला. वंशभेदाचा इतका कडवा समर्थक की कॅथलिक चर्चने १९६२ मध्ये त्याला बहिष्कृत केलं. नागरी हक्कांचे कार्यकर्ते जिल्ह्यात आले तर कोंडायला त्याने एका जुन्या, डासांनी भरलेल्या किल्ल्यात तुरुंग तयार ठेवला होता. त्याच्या जिल्ह्यात मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेलं आयर्नटन नावाचं गाव आहे. त्या गावाला नळाचं पाणी १९८० मध्ये मिळालं. माणसाला चंद्रावर जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि आयर्नटन टँकरच्या पाण्यावर जगत होतं. नदी शेजारून वाहत होती.

मतदान हक्क कायदा ऑगस्ट १९६५ मध्ये झाला. केंद्राने ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत मतदार नोंदवायला स्वतःचे अधिकारी पाठवले त्यात प्लॅकमिन्स होता. पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, बेट्सी हरिकेन आलं. १९६९ मध्ये कॅमिल. दरवेळी लोक परतले, कारण बोट वाचली होती किंवा नवी बांधता येत होती.

वादळात बोट कशी वाचवतात? आपल्या तांडेलांना हे नवीन नाही. उघड्या धक्क्यावर तिला ठेवायची नाही. आत, खाडीच्या वळणात, झाडांच्या आडोशाला न्यायची. एकाऐवजी अनेक दोर, पण ताणून नाही, कारण पाणी चढलं की ताणलेला दोर एक तर तुटतो नाहीतर बोटीलाच खाली ओढतो. काही जण बोटीतच राहतात, इंजिन चालू ठेवून दोरांवरचा ताण कमी करत. बाहेरचे याला अडाणीपणा म्हणतात. ज्याचं सगळं भांडवल त्या लाकडात आणि लोखंडात आहे आणि ज्याच्याकडे विमा नाही, त्याचा हा हिशेब असतो. तो बरोबर आहे असं आमचं म्हणणं नाही. पण तो हिशेब आहे.

२९ ऑगस्ट २००५ च्या पहाटे कतरिना हरिकेन जमिनीवर आलं ते याच जिल्ह्यात, बुरास गावाजवळ, ताशी सुमारे २०५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह. जगाने न्यू ऑर्लिन्सची छपरं पाहिली. प्लॅकमिन्सच्या बोटी बांधांवर, रस्त्यांवर, दलदलीत फेकल्या गेल्या, काही एकमेकींवर चढल्या. दलदलीत अडकलेली बोट परत पाण्यात आणायची तर क्रेन लागते, बार्ज लागतो, आणि हे सगळं मालकाच्या खिशातून. पाण्याखाली कालवांचे तळ गाळाने झाकले गेले. म्हणजे बोट मिळाली तरी काढायचं काय?

आता मदतीचे रकाने बघा. घर मोडलं तर केंद्राच्या आपत्ती खात्याकडून अनुदान. बोट मोडली तर तो 'व्यवसाय', आणि व्यवसायाला मिळतं ते कर्ज. कर्जाला पत लागते, तारण लागतं, मागच्या वर्षांचे हिशेब लागतात. धक्क्यावर रोखीने पोती विकणाऱ्याकडे हे कुठून येणार? घराचंही सोपं नव्हतं. कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं पणजोबांच्या नावावर होती, वाटणी कागदावर झालीच नव्हती, म्हणून मालकी सिद्ध होईना. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या मयत नावांसारखंच. शिवाय 'रोड होम' या राज्याच्या मोठ्या योजनेत अनुदान ठरायचं ते घराची वादळापूर्वीची बाजारातली किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यात जे कमी असेल त्यावर. कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराची बाजारात किंमतच कमी. विटा त्याच, सिमेंट तेच, मदत कमी. याविरुद्ध २००८ मध्ये खटला झाला आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली. भेदभावाचा एकही शब्द न वापरता भेदभाव करणारं सूत्र कसं लिहितात, हे शिकायचं असेल तर ही योजना मुळातून वाचावी.

फिनिक्स गावच्या लोकांनी सरकारची वाट न बघता चर्चच्या आधाराने झायन ट्रॅव्हलर्स को-ऑपरेटिव्ह सेंटर उभं केलं आणि स्वयंसेवकांच्या मदतीने घरं बांधायला घेतली. कालववाल्यांचीही संघटना होती, तिचे नेते बायरन एन्कलाडे. पॉइंट आ ला हाशच्या या माणसांवर नायला जेफरसन यांनी २०१४ मध्ये 'व्हॅनिशिंग पर्ल्स' हा माहितीपट केला आहे. मिळाला तर तरुणांनी जरूर बघावा.

आता परत कार्नार्व्हनकडे. जिथे १९२७ मध्ये सुरुंग लावला, तिथेच १९९१ मध्ये नदीचं गोडं पाणी दलदलीत सोडणारे दरवाजे सुरू झाले. दलदल वाचवण्याचा हेतू चांगला होता. पण कालवांच्या पट्ट्यांचं नुकसान झालं म्हणून कालववाले कोर्टात गेले. खालच्या कोर्टात त्यांना शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर झाली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारणांपैकी एक असं की पट्ट्यांच्या करारांतच सरकार जबाबदार राहणार नाही असं कलम होतं. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा कतरिना आलं.

तळ सावरायला लागले तोवर २० एप्रिल २०१० ला बीपी कंपनीच्या विहिरीवरच्या तेलफलाटाचा स्फोट झाला. अकरा कामगार मेले, तेल ८७ दिवस वाहत राहिलं. तेलाला किनाऱ्यापासून लांब ढकलण्यासाठी राज्याने कार्नार्व्हनचे आणि इतर दरवाजे उघडले. तेल किती लांब गेलं यावर वाद आहे, पण गोड्या पाण्याने कालवं मेली. मग कंपनीच्या भरपाई निधीने झटपट रक्कम देऊ केली. व्यक्तीला ५,००० डॉलर, धंद्याला २५,००० डॉलर, अट एकच, पुन्हा दावा लावायचा नाही. ज्याचा हप्ता थकलाय तो सही करणारच.

कतरिनानंतर केंद्राने शहराभोवती अब्जावधी डॉलर खर्चून नवी संरक्षक भिंत बांधली. ती पूर्व काठावर कुठे संपते? कार्नार्व्हनला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयझॅक हरिकेन आलं तेव्हा भिंतीच्या लगेच बाहेरचं ब्रेथवेट गाव छपरापर्यंत बुडालं. आत शहर कोरडं. ब्रेथवेटमध्ये गोरेही राहतात, हेही खरं. गावकुसाची सवय एकदा लागली की ती कुणालाही बाहेर ठेवू शकते. तरी भिंतीच्या बाहेर खाली खाली जावं तशी कृष्णवर्णीय गावं लागतात आणि संरक्षण पातळ होत जातं, हा नकाशा शंभर वर्षांत बदलला नाही.

या सगळ्यात आम्हाला एक उणीव खटकते. या इतिहासात बोटमालकाचं नाव येतं, त्याच्या बोटीवर रोजाने जाणाऱ्याचं येत नाही. पट्टे मोठ्या प्रमाणावर क्रोएशियातून आलेल्या कुटुंबांकडे होते आणि कित्येक कृष्णवर्णीय त्यांच्या बोटींवर मजूर होते. संघटना झाली ती मालकांची. आपल्या किनाऱ्यावर परप्रांतातून, नेपाळमधून आलेले खलाशी आणि खाडीतले कातकरी यांची गोष्ट वेगळी नाही. आपली चळवळ मच्छीमारांच्या प्रश्नावर मोर्चा काढते तेव्हा निवेदनावर नोंदणी नसलेल्या होडीवाल्याची मागणी कितव्या क्रमांकावर असते, हे आम्ही आमच्याच फायलीत शोधलं. आमच्या निवेदनात ती नव्हती. आता ती पहिली आहे.

२९ ऑगस्ट २०२१ ला, कतरिनाला बरोबर सोळा वर्षं झाली त्याच तारखेला, आयडा हरिकेन आलं. पाणी आयर्नटनमध्ये शिरलं, ज्या गावाला नळ १९८० मध्ये मिळाला होता तिथे. स्मशानभूमीतल्या शवपेट्या उचकटून रस्त्यावर आणि शेतांत गेल्या. गावकऱ्यांना मोडक्या घरांच्या नोंदी करतानाच, चिखलात फिरून आपल्या आजी-आजोबांच्या पेट्याही ओळखाव्या लागल्या.