प्रतिसरकार आणि पत्री सरकार : दोन संज्ञांचा विचार

प्रस्तावना
दुसऱ्या महायुद्धाच्या (१९३९-४५) अध्यापनात ‘प्रतिकार चळवळ’ ही संज्ञा युरोपच्या संदर्भात येते. सातारचे प्रतिसरकार मात्र स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात येते. समकालीन असूनही त्यांची तुलना राहून जाते.

विवेचन
सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज (९ सप्टेंबर) व इस्लामपूर (१० सप्टेंबर) येथील गोळीबारात आंदोलक हुतात्मे झाले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली व १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. आज सांगली जिल्ह्यात असलेले, तेव्हा औंध संस्थानात मोडणारे कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र होय. न्यायदान मंडळे तंटे मिटवीत, तुफान सेना गुंडांचा बंदोबस्त करी.

युगोस्लाव्हियातील मुक्ती समित्यांचा कारभार प्रामुख्याने सैन्याने मुक्त केलेल्या प्रदेशात चाले. साताऱ्यात ब्रिटिश कचेरी जागेवरच होती. तरीही लोक न्यायासाठी प्रतिसरकारकडे जात. सत्तेची अधिमान्यता येथे प्रदेश जिंकून नव्हे, तर लोकांच्या विश्वासातून आली.

‘पत्री सरकार’ हे नाव तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेशी जोडले गेले. केवळ तेच शिकविल्यास न्यायव्यवस्था झाकोळते. ते वगळल्यास दंडशक्तीचा प्रश्न टळतो.

निष्कर्ष
म्हणून दोन्ही संज्ञा एकत्र शिकविणे आवश्यक ठरते. शिक्षा करण्याचा अधिकार कोणास व कोठून प्राप्त होतो, हा राज्यसंस्थेविषयीचा मूलभूत प्रश्न विद्यार्थ्यांस त्यांतूनच उमगेल.